दशांश मिलिमीटरची स्वदेशी

‘स्टेन्सिल’ हा शब्द कानी पडताच आपल्यातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आणीबाणीचे दिवस आठवल्याखेरीज राहणार नाहीत. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली होती, ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली होती आणि खरी बातमी घरोघर पोहोचविण्याचे काम भूमिगत पत्रके करीत होती. ही पत्रके ज्या सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत, त्याचा प्राण म्हणजे एक मेणकागद. टंकलेखन यंत्राची फीत दूर सारून त्या कागदावर अक्षरे ठोकायची. अक्षरापुरते मेण निघून जायचे आणि नेमक्या तेवढ्याच वाटेने शाई खालच्या कोऱ्या कागदावर उतरायची. मूळ कागद नीट कापला गेला तर शेकडो पत्रके स्वच्छ निघत. तो फाटला किंवा सुरकुतला तर पुढची सारी मेहनत वाया जाई.

त्याच नावाची आणि त्याच तत्त्वावर चालणारी एक वस्तू आज आपल्या जीवनाच्या मुळाशी येऊन बसली आहे. मात्र तिचा परिचय फार थोड्यांना आहे. आपल्या खिशातला मोबाइल, भिंतीवरचा वीजमीटर, रुग्णालयातले हृदयगती दाखविणारे यंत्र, रेल्वेगाड्यांची टक्कर टाळण्यासाठी विकसित झालेली ‘कवच’ प्रणाली, या सर्वांच्या पोटात सर्किट बोर्ड असतो. आणि आजचा जवळजवळ प्रत्येक सर्किट बोर्ड जन्माला येताना एका पातळ, छिद्रांकित पत्र्याखालून जातो. हा पत्रा म्हणजे डाख छापण्याचा स्टेन्सिल. आपल्या सोयीसाठी त्याला ‘छापा’ म्हणू. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी या छाप्याकडे गांभीर्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम काम समजून घेऊ. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर आपल्या पिढीने दारात पाहिलेला आहे. भांडे तापवायचे, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि मग वितळलेले कथील कापडाच्या बोळ्याने फिरवायचे. सोनारही दागिन्याचे दोन भाग जोडताना टाकणखार लावून डाख देतो. सर्किट बोर्डावरील जोडणीचे शास्त्र याहून वेगळे नाही. तेथे कथलाच्या मिश्रधातूचे अतिसूक्ष्म गोल कण आणि पृष्ठभाग स्वच्छ करणारे, बहुधा चीडाच्या राळेपासून केलेले द्रव्य यांचा लगदा वापरतात. त्यालाच ‘सोल्डर पेस्ट’ म्हणतात. तिच्या वजनात जवळजवळ नऊ दशांश धातू असतो. पूर्वी कथील आणि शिसे यांचे मिश्रण वापरीत, ते १८३ अंश सेल्सियसला वितळे. शिशाच्या विषारीपणामुळे युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून त्यावर निर्बंध घातले. आपल्याकडेही २०११ चे ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि शिशाला मर्यादा आली. आज सर्वत्र रूढ असलेल्या मिश्रणात कथील ९६.५ टक्के, चांदी ३ टक्के आणि तांबे ०.५ टक्का असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते.

आता प्रश्न असा की, हा लगदा बोर्डावर नेमक्या जागी आणि नेमक्या मापाने ठेवायचा कसा? पूर्वीचे सुटे भाग तारेच्या पायांचे असत आणि ते हाताने, एकेक करून जोडता येत. आताचा एखादा रोधक १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो, आणि असे शेकडो भाग तळहाताएवढ्या बोर्डावर बसवायचे असतात. येथे छापा कामी येतो. दिवाळीत आपल्या माता-भगिनी भोकांचा पत्र्याचा छापा उंबरठ्याशी ठेवून वरून रांगोळी फिरवितात आणि छापा उचलला की खाली लक्ष्मीची पावले उमटलेली असतात. मथुरा-वृंदावनात कागद कोरून त्यातून रंग टाकण्याची सांझी कला कृष्णभक्तीच्या परंपरेतून आलेली आहे. सर्किट बोर्डाचा छापा हे त्याच कल्पनेचे पोलादी रूप. स्टेनलेस स्टीलचा पत्रा, जाडी बहुधा ०.१० ते ०.१५ मिलिमीटर. त्यात बोर्डावरील प्रत्येक जोडणीसाठी एक छिद्र. पत्रा बोर्डावर अचूक टेकवायचा, सुमारे ६० अंशांत कललेल्या धातूच्या पात्याने लगदा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायचा आणि बोर्ड सावकाश खाली सोडवून घ्यायचा. त्यानंतर यंत्र त्या लगद्यावर सुटे भाग ठेवते, बोर्ड भट्टीतून जातो आणि जोडण्या पक्क्या होतात.

ऐकायला सोपे वाटते. परंतु रांगोळीत आणि यात एक मोठा भेद आहे. रांगोळी कोरडी असते, हा लगदा चिकट असतो. छिद्राच्या तळाशी बोर्ड त्याला आपल्याकडे ओढतो, तर छिद्राच्या भिंती त्याला धरून ठेवू पाहतात. या ओढाताणीत बोर्ड जिंकावा म्हणून एक नियम सर्वमान्य झाला आहे : छिद्राच्या तोंडाचे क्षेत्रफळ हे त्याच्या भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाच्या निदान ०.६६ पट असले पाहिजे. ०.३० मिलिमीटर बाजूचे चौकोनी छिद्र ०.१० मिलिमीटर जाड पत्र्यात कापले तर हे प्रमाण ०.७५ येते आणि लगदा स्वच्छ उतरतो. तेच छिद्र ०.१५ मिलिमीटरच्या पत्र्यात कापले तर प्रमाण ०.५० वर येते आणि निम्माशिम्मा लगदा छिद्रातच अडकून राहतो. पत्र्याच्या जाडीतला फरक फक्त ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. पण तेवढ्याने माल पास की नापास हे ठरते. दुसरा नियम कणांचा. नेहमीच्या बारीक लगद्यातले कण २० ते ३८ मायक्रॉनचे असतात आणि छिद्राच्या रुंदीत निदान पाच कण शेजारी शेजारी मावले पाहिजेत.

अशी छिद्रे कापण्याच्या तीन रीती आहेत. पहिली आम्लाने कोरण्याची. ती स्वस्त, पण आम्ल दोन्ही बाजूंनी खात येते, त्यामुळे छिद्राची कंबर मध्येच आवळलेली राहते. दुसरी लेसरची. यात छिद्र खालच्या बाजूस किंचित रुंद होते, लगदा सुखाने सुटतो, आणि नंतर भिंती विद्युत-रासायनिक क्रियेने घासून गुळगुळीत करता येतात. तिसऱ्या रीतीत निकेलचा थर विजेच्या साह्याने चढवीत पत्रा छिद्रांसकटच घडविला जातो. ही सर्वांत सुबक आणि सर्वांत महाग. आज बहुतेक काम लेसरवर होते.

या सगळ्याचा इतका तपशील देण्याचे कारण आहे. सर्किट बोर्डांच्या जुळणीतील साठ-सत्तर टक्के दोषांचे मूळ लगदा छापण्याच्या टप्प्यात असते, असे या व्यवसायात नेहमीच सांगितले जाते. लगदा जास्त झाला तर शेजारच्या दोन जोडण्या एकमेकींना चिकटतात. कमी झाला तर जोड कच्चा राहतो. चिकटलेली जोडणी तपासणीत सापडते, पण कच्चा जोड फसवा असतो. तो कारखान्यातल्या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि पुढे कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी उशाशी असलेल्या यंत्रात, ऐन वेळी दगा देतो. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रमालिकेत छापा ही सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि उत्पादनाची प्रतिष्ठा मात्र तिच्यावर टांगलेली!

आता आपल्या राज्याचाच इतिहास पाहू. १९७३ साली मुंबईत अंधेरीच्या पूर्वेस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच आपले ‘सीप्झ’, उभे राहिले. केवळ इलेक्ट्रॉनिक्सला वाहिलेले निर्यात क्षेत्र ही त्या काळी धाडसाची कल्पना होती. परंतु १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रत्ने आणि दागिन्यांनाही प्रवेश मिळाला आणि आज सीप्झ हे नाव घेतले की लोकांना हिरे-दागिन्यांची निर्यात आठवते. दागिन्यांच्या उद्योगाने लाखो हातांना काम दिले, त्याचे मोल मोठे आहे. पण नावात इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या क्षेत्रात दागिने स्थिरावले आणि इलेक्ट्रॉनिक्स मागे पडले, हे का घडले? सोनार आपली हत्यारे आणि आपली विद्या घेऊन आला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा डाख, टाकणखार आणि नजर त्याच्यापाशी होती. इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी मात्र परक्या हत्यारांवर आणि परक्या सुट्या भागांवर उभी होती. कारणे अनेक असतील, पण हे कारण दुर्लक्षिण्याजोगे निश्चित नाही.

पुढे १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत दोनशेहून अधिक वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आले. तयार माल निःशुल्क आत येऊ लागल्यावर येथे घडविण्याचे प्रयोजन ते काय उरणार? ज्या वर्षांत चीन शेन्झेनच्या गल्ल्यागल्ल्यांतून पाटी कापणारे, छापा कापणारे, साचे करणारे छोटे कारखाने उभे करीत होता, त्या वर्षांत आपण तयार खोकी उतरवून घेत होतो.

गेल्या दशकात चित्र पालटले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना २०२० मध्ये आली. २०२४-२५ मध्ये आपली मोबाइलची निर्यात दोन लाख कोटी रुपयांच्या वर गेली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात यंत्रसामग्रीचाही विचार केला. रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स समूहाला ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मतदानयंत्रे तर भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या आपल्याच सार्वजनिक कंपन्या दीर्घकाळ घडवीत आहेत. हे सारे अभिमानास्पद आहे. तरीही जुळणीच्या ओळीतून एक फेरी मारली तर यंत्रांवरची नावे वाचून मन विचारात पडते. छापा कापणाऱ्या लेसर यंत्रांत जर्मनीच्या एलपीकेएफचे नाव, लगदा छापणाऱ्या यंत्रांत इंग्लंडमध्ये वाढलेल्या डेकचे नाव, भाग ठेवणारी यंत्रे बहुधा जपानी. घडविणारे हात आपले, हत्यार दुसऱ्याचे.

आणि येथे आपल्याला आपल्याच चळवळीला चार गोष्टी सांगाव्या लागतील. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपल्या २० जवानांनी प्राणार्पण केले, तेव्हा चिनी मालावरील बहिष्काराची लाट देशभर उसळली. त्यामागची भावना पवित्र होती. दर दिवाळीला चिनी माळा न घेण्याचे आवाहनही आपण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बहिष्कार ही दुकानाच्या दारात घेतलेली प्रतिज्ञा आहे. तिला कारखान्यातल्या विद्येची जोड नसेल तर ती सणापुरती टिकते. अभियांत्रिकी महाविद्यालयातला आपलाच विद्यार्थी आपला प्रकल्प करताना शेन्झेनच्या कंपनीला संगणकावरून मागणी पाठवितो आणि पाटी व छापा दोन्ही एकाच पुडक्यात घरपोच मिळवितो. त्याला दोष देऊन काय साधणार? त्याला तितक्याच सहजतेने, तितक्याच भावात आणि त्याहून लवकर छापा देणारा माणूस त्याच्या तालुक्यात आहे का, हा खरा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला घोर लागला. नाक दाबण्यासाठी मोठी वस्तू लागत नाही, हा त्यातला धडा.

‘त्याच्या तालुक्यात’ असे म्हटले, ते जाणीवपूर्वक. भिवंडी तालुक्यातील खारबावचे उदाहरण घेऊ. वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड यांच्या दरम्यानचे हे स्थानक. प्रवासी गाड्या मोजक्या, मालगाड्यांची वर्दळ मोठी. एका बाजूला भिवंडीचे यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला तालुकाभर पसरलेली गोदामे. या गोदामांत मोबाइल, दूरदर्शन संच, घरगुती उपकरणे अशी खोकी येतात, रचली जातात आणि मुंबई-ठाण्याकडे रवाना होतात. गावातल्या तरुणाच्या वाट्याला त्या खोक्यांचे ओझे येते, खोक्याच्या आतली विद्या येत नाही. मागांची स्थिती तर सर्वज्ञात आहे. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग घेऊन या गावाने एके काळी आपला संसार उभा केला. पुढे जगात बिनधोट्याचे माग आले, त्यांची विद्या मात्र बाहेरच राहिली, आणि आता मागाच्या शेडला कुलूप लावून ती गोदामाला भाड्याने देण्याकडे ओढा दिसतो.

परंतु विणकराला छापा परका वाटण्याचे कारण नाही. मागावर कापडाची घनता ठरविते ती फणी. इंचात किती तार बसणार हे फणीने एकदा ठरविले की मागाचा वेग कितीही असो, कापड तिच्याच हुकमात राहते. जुळणीच्या ओळीत छाप्याचे स्थान तेच. इतकेच नव्हे, छापा ज्या चौकटीत बसवितात तीत पोलादी पत्र्याभोवती चहूकडून पॉलिएस्टरची बारीक विणलेली जाळी ताणून चिकटविलेली असते आणि तिच्या ताणावरच पत्रा नगाऱ्यासारखा सपाट राहतो. जाळीचा एखादा कोपरा सैल पडला तर छपाई बिघडते. ताणा सैल पडला की कापडाचे काय होते, हे भिवंडीला कोणी शिकवावे लागत नाही.

शिवाय छापा ही अशी वस्तू आहे की, तिच्यात स्वस्ताईपेक्षा जवळीक अधिक मोलाची. प्रत्येक बोर्डाचा छापा वेगळा. बोर्डाच्या रचनेत एक बदल झाला की नवा कापावा लागतो. ओळ थांबलेली असते आणि कारखानदाराला तो उद्या सकाळी हवा असतो. म्हणूनच छापे कापण्याची केंद्रे इलेक्ट्रॉनिक्सच्या शहरांभोवती वाढली. खारबावपासून वसईच्या औद्योगिक वसाहती, ठाण्याची वागळे इस्टेट, नवी मुंबईतील महापे आणि रबाळे हा सारा टापू एका दिवसाच्या फेरीत येतो. एक लेसर यंत्र, स्थिर वीजपुरवठा, धूळ आणि दमटपणा रोखणारी वातानुकूलित खोली, मोजमापाचे सूक्ष्मदर्शक आणि संगणकावर आराखडा तपासू शकणारे चार-पाच प्रशिक्षित तरुण-तरुणी एवढ्यावर हे काम उभे राहते. बंद पडलेल्या एका मागशेडची जागा त्याला पुरून उरेल.

यातल्या अडचणी लपविण्याचे कारण नाही. लेसर यंत्र तूर्त परदेशी घ्यावे लागेल आणि त्याची किंमत एका कुटुंबाला झेपणारी नाही. येथे सहकारी संस्था, लघुउद्योगांच्या संघटना आणि पतपेढ्या यांनी पुढे यावे लागेल. खाडीलगतच्या या पट्ट्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, तर लगदा वापरणाऱ्या खोलीत ती साठाच्या आत ठेवावी लागते. लगद्याचा डबा शीतपेटीत १० अंशांच्या खाली ठेवायचा आणि वापरण्यापूर्वी तीन-चार तास न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. घाईने उघडला तर थंड लगद्यावर दव धरते आणि भट्टीत कथलाचे मणी उडतात. छापा ठराविक छपाईनंतर खालून पुसायचा, दिवसअखेर धुऊन भिंगाखाली पाहायचा. यातले एकही काम कठीण नाही, पण एकही टाळता येत नाही. ‘चालून जाईल’ ही वृत्ती येथे चालत नाही. शाखेत वेळेचे आणि रांगेचे जे अनुशासन आपण लहान वयात शिकतो, त्याची परीक्षा अशा खोलीतच होते.

‘एवढ्याशा पत्र्याने देश आत्मनिर्भर होणार का?’ असा प्रश्न कोणी विचारील. पत्र्याने एकट्याने होणार नाही, हे उघड आहे. परंतु छापा कापणारा आज परदेशी यंत्र वापरील, उद्या त्याची दुरुस्ती शिकेल, परवा त्याचा एखादा भाग येथेच घडवील. विद्या अशीच पायरीपायरीने उतरते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या द्रव्यांवर संशोधन करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था पुण्यातच आहे आणि जाळीतून छापण्याच्या पेस्टवर तिने काम केले आहे. प्रयोगशाळा आणि मागशेड यांच्यातले अंतर कापणारा मधला माणूस आपल्याकडे कमी पडतो. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाच्या द्वारे विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानण्याची परंपरा रुजविली. विश्वकर्म्याची पूजा ही हत्याराची पूजा आहे. खंडेनवमीला आपण ज्याला गंध-फूल वाहतो, ते हत्यार घडविण्याची विद्याही आपली असावी, ही अपेक्षा त्या पूजेतच अध्याहृत आहे.

या भूमीला तिचा स्वतःचा दाखलाही आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातो. परंतु त्या मोहिमेमागे याच परिसरातील अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या स्थानिकांनी पुरविलेली माहिती आणि वर्षानुवर्षे केलेली खटपट होती. मोठ्या विजयाला अशा जवळच्या, बारकाव्यांच्या ज्ञानाचा आधार लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. आपल्या परिसरातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनात सर्किट बोर्डाची जुळणी आणि छाप्याचे काम शिकविले जाते का, याची चौकशी करावी. नसेल तर त्यासाठी आग्रह धरावा. आपल्या मुलाने किंवा मुलीने कचेरीतील खुर्चीऐवजी असे कारागिरीचे काम निवडले, तर त्यात कमीपणा मानू नये. आणि ज्यांच्या बंद शेड आहेत, त्यांनी गोदामाचा करार करण्यापूर्वी एकदा तरी असा कारखाना जाऊन पाहावा. गोदामाचे भाडे दरमहा नक्की मिळते, हे खरे. पण भाड्याने घर चालते. विद्या मात्र घरात येत नाही, आणि पुढच्या पिढीला देण्यासारखी तीच एक गोष्ट आपल्या हाती असते.